फिजिक्सची एमएस्सी, बायोलॉजीची लॅब आणि डोंबिवलीचं घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सी फिजिक्स झालं, सीएसआयआर-नेटमध्ये फिजिकल सायन्सेसची जेआरएफ (पीएचडीसाठी दरमहा मिळणारी सरकारी फेलोशिप) मिळाली, घर डोंबिवलीला, बाबा दोन वर्षांनी निवृत्त होणार. समोर दोन वाटा आहेत. ओळखीचे सर थिन फिल्म्सवर (पदार्थांच्या अतिपातळ थरांवर) पीएचडीला लगेच घ्यायला तयार आहेत. दुसरीकडे, ऑप्टिकल ट्रॅप (लेसरने कण पकडून ठेवायची सोय) वापरून मोटर प्रोटीन्सवर (पेशीत माल ओढून नेणाऱ्या प्रथिनांवर) काम करणारी एक बायोफिजिक्सची लॅब आहे. तिथली मुलाखत अजून व्हायची आहे, पण मन तिकडे ओढतंय. आणि एका सीनियरने घातलेली भीती ही, की फिजिक्सवाला बायोलॉजीत गेला तर दुय्यम ठरतो, ना धड इकडचा ना धड तिकडचा असं होईल. शिवाय पुढे नोकरीचं काय, हेही आहेच.

तुम्ही हा विषय निवडायचा प्रश्न समजून विचारलाय. माझ्या मते अडचण वेगळीच आहे. या दोन पीएचड्यांचा रोजचा दिवस पूर्णपणे वेगळा असतो, आणि त्यातला एक दिवस डोंबिवलीच्या लोकलच्या वेळापत्रकात बसत नाही. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून एवढं लांबण लावतेय.

मी स्वतः फिजिक्सची एमएस्सी करून जीवशास्त्राच्या लॅबमध्ये शिरले आणि तिथेच रमले. आता बरीच वर्षं मुंबईत पीएचडीचे विद्यार्थी घेते, इतरांच्या विद्यार्थ्यांच्या समित्यांवर बसते. तेव्हा माझं माप बायोलॉजीकडे थोडं झुकतं आहे हे धरूनच वाचा. शिवाय घरी कर्ज आहे का, पाठी धाकटं कोणी शिकतंय का, सरांचा स्वभाव कसा, यावर निर्णय बराच फिरतो. ते गणित तुम्हालाच मांडायचं आहे.

आधी ती भीती निकालात काढू. फिजिक्सहून बायोलॉजीत आलेल्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जी. एन. रामचंद्रन हे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी, मूळचे फिजिक्सचे. त्यांनी मद्रासला बसून १९५४ मध्ये कोलॅजन या प्रोटीनची तिहेरी पिळाची रचना मांडली आणि १९६३ मध्ये तो आलेख दिला, जो आजही प्रोटीनची रचना तपासायला जगभर वापरतात. वेंकी रामकृष्णन यांनी १९७६ मध्ये फिजिक्समध्ये पीएचडी केली आणि मग पुन्हा विद्यार्थी होऊन बायोलॉजीच्या वर्गात बसले. २००९ चं नोबेल त्यांना रायबोसोमवर (पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रावर) मिळालं, तेही केमिस्ट्रीचं. आणि तुम्ही म्हणता त्याच क्षेत्रातलं मुंबईचं उदाहरण म्हणजे रूप मलिक. मुळात फिजिक्सचे, टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आणि पुढे आयआयटी मुंबईत मोटर प्रोटीन्सवर काम, २०१८ चा लाइफ सायन्सेसचा इन्फोसिस पुरस्कार. टीआयएफआरमध्ये तर भाभांनी १९६२ मध्येच ओबेद सिद्दीकींना बोलावून मॉलिक्युलर बायोलॉजी सुरू करून दिली होती, फिजिक्स आणि गणिताच्या शेजारी, एकाच छताखाली. तेव्हा बायोलॉजीत फिजिक्सवाला दुय्यम ठरतो हे तुमच्या सीनियरचं म्हणणं सोडून द्या. मात्र या मोठ्या नावांनी तुमचा प्रश्न सुटत नाही. तो लॅबमधल्या ओट्यावर सुटायचा आहे.

ट्रॅपचा भाग तुम्हाला आवडणारच. इन्फ्रारेड लेसर, बहुधा १०६४ नॅनोमीटरचा, कारण तो प्रकाश पाणी आणि प्रोटीन फारसा शोषत नाहीत. तो चांगल्या भिंगातून एका बिंदूवर आणला की मायक्रॉनभराचा मणी तिथे अडकून राहतो. आर्थर अॅश्किन यांनी हे १९८६ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी २०१८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मण्याला कायनेसिन हे मोटर प्रोटीन चिकटवलं की ते मायक्रोट्युब्यूलवरून, म्हणजे पेशीतल्या नळीसारख्या तंतूवरून, ८ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत मण्याला ओढू लागतं. मणी किती सरकला त्यावरून काही पिकोन्यूटनचं बळ मोजायचं. त्यासाठी ट्रॅपचा ताठपणा माहीत हवा, आणि तो काढायला मण्याची ब्राउनियन थरथर (उष्णतेने होणारी) नोंदवून इक्विपार्टिशन, म्हणजे उष्णतेची ऊर्जा सारखी वाटली जाते हे सूत्र, लावायचं. परीक्षेपुरतं घोकलेलं सूत्र इथे रोज कामाला येतं. फिजिक्सची मुलं या टप्प्यावर खूश असतात.

आता विचारा, मायक्रोट्युब्यूल येतात कुठून? ते ट्युब्युलिन या प्रोटीनचे बनतात, आणि ट्युब्युलिन मेंदूत भरपूर असतं. म्हणून आपल्याकडच्या अनेक लॅब्ज ते बकऱ्याच्या मेंदूतून काढतात. म्हणजे भल्या पहाटे कत्तलखान्यात जायचं, ताजे मेंदू बर्फात घालून आणायचे, लगेच पडदे आणि रक्तवाहिन्या सोलायच्या, वाटायचं आणि सेंट्रिफ्यूजला लावायचं. वाटेत उशीर झाला की हाती काहीच लागत नाही. पुढची युक्ती मोठी गमतीची आहे. गारव्यात मायक्रोट्युब्यूल सुटे होतात आणि जीटीपी (पेशीतला ऊर्जा देणारा रेणू) देऊन ३७ अंशांवर नेले की पुन्हा जुळतात. म्हणून गार करून फिरवायचं आणि वरचं पाणी ठेवायचं, गरम करून फिरवायचं आणि खालचा गाळ ठेवायचा, असं आलटून पालटून. दिवसभराच्या थकव्यात एकदा उलटं केलं, गाळाऐवजी पाणी ठेवलं, की पहाटेपासूनचं सगळं सिंकमध्ये. (घरात कांदा-लसूणही न शिवणारा एक मुलगा आमच्याकडे हे काम सगळ्यात सफाईने करायचा. आईला काय सांगत होता ते मी कधी विचारलं नाही.)

आणि जिवंत पेशींवर काम असेल तर त्यांचं वेगळं. पेशी ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढतात. दोन-तीन दिवसांनी त्यांना नवं मीडियम (पोषक द्रव) द्यावं लागतं, डिश भरली की दुसऱ्या डिशमध्ये पांगवावं लागतं. रविवार असो, गणपती असोत. प्रयोग ०, ६, १२, २४ तासांच्या टप्प्यांचा असेल तर सकाळी अकराला सुरू केलेल्याचं बारा तासांचं रीडिंग रात्री अकराला येतं. सुरुवात पुढेमागे करता येते, पण सगळेच टप्पे दहा ते पाचमध्ये कधीच बसत नाहीत. शिवाय पेशींचं विरजणासारखं असतं: तेच दूध, तोच डबा, हात तोच, तरी पावसाळ्यात वेगळं लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरली की आठवडाभराचं काम फेकून, सगळं पुसून, फ्रीझ केलेल्या पेशी काढून पहिल्यापासून सुरुवात.

फिजिक्सच्या मुलांना खरा धक्का इथे बसतो. मेहनतीचं त्यांना काही वाटत नाही, त्रास होतो तो अनिश्चिततेचा. तुम्हाला सवय असते की रीडिंग हललं तर उपकरणात दोष शोधायचा. इथे उपकरण ठीक असतं आणि रीडिंग तरी हलतं, कारण दोन पेशी सारख्या नसतात, दोन आठवड्यांच्या पेशी तर नाहीच नाहीत. तो हललेपणा दोष आहे की खुद्द निसर्गाचीच माहिती आहे हे ओळखायला वर्ष-दीड वर्ष जातं. त्या काळात काहींना वाटतं आपण मठ्ठ आहोत. तसं नसतं, पण हे आधी कोणी सांगत नाही.

थिन फिल्म्सचं मला बाहेरून माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ते कामही दहा ते पाच नसतं. व्हॅक्यूम चेंबर रात्रभर पंपावर ठेवावा लागतो, एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी रचना तपासण्यासाठी) रांग लावावी लागते, स्वतःच्या विभागात उपकरण नसेल तर आयआयटीतल्या सैफसारख्या केंद्रात पैसे भरून स्लॉट घ्यावा लागतो. लिक्विड हीलियम लागत असेल तर ज्या दिवशी मिळेल तो दिवस आपला. पण एक मोठा फरक आहे. पंप चालू ठेवून तुम्ही घरी जाऊ शकता. सबस्ट्रेट (ज्यावर थर चढवतात तो तुकडा) डेसिकेटरच्या कोरड्या बंद डब्यात ठेवला की सोमवारपर्यंत तो उपाशी मरत नाही. थिअरी किंवा कॉम्प्युटेशन असेल तर लॅपटॉप आणि सर्व्हरचं लॉगिन असलं की डोंबिवलीतूनही काम होतं, निदान काही दिवस.

म्हणून लोकलचा मुद्दा. मुंबईत या विषयांच्या संस्था चार दिशांना विखुरलेल्या आहेत. टीआयएफआर कुलाब्याच्या टोकाला, म्हणजे डोंबिवलीहून सीएसएमटी आणि तिथून नेव्ही नगरची बस. आयआयटी पवईत, कांजूरमार्गला उतरून. विद्यापीठ कालिन्याला, कुर्ल्याहून. प्रजनन आरोग्यावरची आयसीएमआरची संस्था परळला. कर्करोगावरचं अॅक्ट्रेक खारघरला, जिथे डोंबिवलीहून रस्त्याने शिळफाटा-तळोजा करत जावं लागतं आणि त्या रस्त्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. जाऊन-येऊन तीन-चार तास गेले तरी कोर्सवर्कपुरतं निभतं. तिसऱ्या वर्षी, काम जमायला लागतं तेव्हा, नाही निभत. अकराचं रीडिंग घेऊन, सगळं आवरून शेवटची कर्जत गाठायची आणि सकाळी पुन्हा हजर, हे आठवड्यातून एकदा ठीक. मी पाहिलंय की रोज दुरून येणारी मुलं नकळत प्रयोगच असे आखतात जे सात वाजता संपतील. मग थिसिसमध्ये प्रश्न तेवढेच राहतात जे सातच्या आत सुटतात. त्यात त्या मुलांचा आळस शोधायला जाऊ नका, सहा महिन्यांत कोणाचंही असंच होतं.

यावर उपाय वसतिगृह. मुलाखतीच्या वेळीच विचारा: खोली पहिल्या दिवसापासून मिळते की प्रतीक्षा यादी आहे? किती वर्षं ठेवतात? काही ठिकाणी पाच वर्षं झाली की खोली सोडायला सांगतात, आणि नेमकं तेव्हाच थिसिस लिहायचं असतं. ही माहिती माहितीपत्रकात नसते, तिथल्या मुलांकडे असते.

आता पैसे, कारण बाबांच्या निवृत्तीचा उल्लेख तुम्ही केलाय आणि तो महत्त्वाचा आहे. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी कामाचा आढावा होऊन एसआरएफ (सीनियर फेलो) झाल्यावर ४२,००० मिळतात, वर घरभाडे भत्ता. वसतिगृह घेतलं की भत्ता बंद. एकट्याचं बरं चालतं, घरी थोडे पाठवताही येतात, पण पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं समजून हप्ते बांधू नका. तीन-चार महिने हात कोरडे राहून मग एकदम जमा होणं या क्षेत्रात नवं नाही. तेवढी शिल्लक बाजूला ठेवूनच रुजू व्हा.

त्याहून खोल गोष्ट वेळेची आहे. फेलोशिप एकूण पाच वर्षांची. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. प्रयोगाच्या बायोलॉजीत साडेपाच-सहा वर्षं लागली तर कोणी भुवया उंचावत नाही. म्हणजे शेवटचं सहा महिने ते वर्ष फेलोशिपशिवाय जाऊ शकतं. त्यात एक गुंता असा, की फेलोशिपचं घड्याळ तुम्ही रुजू झालात त्या दिवसापासून चालतं, आणि पदवीचं घड्याळ विद्यापीठात नोंदणी झाली त्या तारखेपासून. संस्था स्वतःच पदवी देत असेल, जसं टीआयएफआर किंवा आयआयटी, तर हे अंतर फार नसतं. पण संस्था एक आणि विद्यापीठ दुसरं असेल तर अर्ज, मुलाखत, समितीची मंजुरी यांत महिने जातात आणि फेलोशिप मात्र खर्च होत राहते. गाइडना सरळ विचारा, "पाच वर्षांनंतर माझा पगार कुठून येईल?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ज्यांच्याकडे उत्तर असतं ते लगेच देतात.

नोकरीबद्दल तुम्ही विचारलंच आहे. २०२३ च्या दुरुस्तीपासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट पुरते, पीएचडी ऐच्छिक आहे. जेआरएफ मिळालेला माणूस त्याला पात्र असतोच. तुमची एमएस्सी फिजिक्सची आणि नेट फिजिकल सायन्सेसची, म्हणजे पीएचडी कशातही केलीत तरी फिजिक्स शिकवायची पात्रता कुठे जात नाही. सहयोगी प्राध्यापक होताना मात्र पीएचडी लागते आणि तिथे पदवी कोणत्या विषयात नोंदली आहे हे बघतात. मुंबई विद्यापीठात गाइडची मान्यता विषयवार असते. बायोफिजिक्सच्या गाइडची मान्यता लाइफ सायन्सेसमध्ये असेल तर तुमची पदवी त्याच विषयाची होईल. आधी विचारून ठेवा, म्हणजे नंतर जाहिरात वाचताना घाम फुटणार नाही. बाकी आपल्या राज्यातल्या कॉलेजांत कायम जागा किती निघतात आणि किती जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं खितपत पडतात हे तुम्ही तुमच्याच शिक्षकांत पाहिलं असेल. संशोधनातच राहायचं असेल तर पीएचडीनंतर तीन-चार वर्षं पोस्टडॉक धरा, बहुधा देशाबाहेर. बाबांच्या निवृत्तीनंतर लगेच तुमच्यावर घर चालणार असेल, तर हा हिशेब दोन्ही वाटांना सारखाच लागू आहे. थिन फिल्म्सवाले लवकर कमावते होतात असं नाही.

आणि ते ओळखीचे सर. लगेच घेतो म्हणणारा गाइड चांगलाही असू शकतो. पण त्यांच्याकडे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, आता कुठे आहेत, आणि मध्येच सोडून कोण गेलं, हे त्यांच्याच तिघा विद्यार्थ्यांना विचारा: एक सुटलेला, एक सध्या तिथे असलेला, एक सोडून गेलेला. यातला सोडून गेलेला सगळ्यात उपयोगी, कारण त्याला कोणाला खूश करायचं नसतं. दोन्ही लॅब्जचे गेल्या काही वर्षांतले पेपर काढा. बायोलॉजीत पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं गाइडचं असतं. तेव्हा विद्यार्थ्यांची नावं पहिल्या जागी येतात का, की दर वेळी एखादा सीनियरच वर असतो, ते दिसेल. फिजिक्सच्या काही शाखांत नावं वर्णानुक्रमे लावतात, तिथे ही युक्ती चालत नाही. नव्या नियमांत थिसिस देण्याआधी पेपर हवाच अशी अट राहिलेली नाही, पण पोस्टडॉकला अर्ज करताना पहिलं ते बघतात. निदान बायोआर्काइव्ह या वेबसाइटवर प्रीप्रिंट (छापून येण्याआधीचा पेपर) तरी हवा.

माझा कौल विचाराल तर असा: वसतिगृह नक्की मिळत असेल, पाच वर्षांपुढच्या पैशांची सोय गाइडनी समोर बसून सांगितली, आणि घरच्यांना सहा वर्षं तुमच्या मोठ्या पगाराची गरज नसेल, तर बायोफिजिक्सला जा. तिन्हींपैकी वसतिगृह नसेल तर डोंबिवलीहून रोज येऊन ते करू नका. त्यापेक्षा थिन फिल्म्स, किंवा बायोफिजिक्सच्याच थिअरी-सिम्युलेशनच्या बाजूला कोणी घेतं का ते बघा. मोटर प्रोटीन्सची मॉडेल्स करणारेही लोक आहेत आणि त्यांना फिजिक्सची मुलं हवीच असतात. उरलेल्या दोन गोष्टी डगमगत असतील तर घरी बसून बोला, तिथे माझा काही उपयोग नाही.

मुलाखतीसाठी एवढंच. एमएस्सीचा प्रोजेक्ट नीट घोटून जा, त्यातली एरर बार कशी काढली इथपर्यंत. बायोलॉजीची पुस्तकं आठवड्यात पाठ करून जाऊ नका, ते पाठांतर दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. आम्हाला बघायचं असतं की अनोळखी आलेख समोर ठेवला तर तुम्ही अक्षांवरची एककं आधी वाचता की निष्कर्षाकडे उडी मारता. येत नसेल तिथे येत नाही म्हणा आणि मग कसं शोधाल ते सांगा. मुलाखत संपली की लॅब दाखवायला सांगा, आणि रुजू होण्याआधी महिना-दीड महिना बिनपगारी काम करू देतील का ते विचारा. बरेच जण देतात. त्या दिवसांत एखाद्या विद्यार्थ्याच्या मागे-मागे राहून ट्युब्युलिनची एक अख्खी बॅच करून बघा, पहाटेपासून. फक्त जेआरएफच्या पत्रावर रुजू होण्याची मुदत लिहिलेली असते ती आजच वाचा, म्हणजे हे सगळं त्या तारखेच्या आत बसवता येईल.